माफ करा, ओळखलं नाही!

"माणूस खोटं बोलू शकतो, खोटं रडू शकतो, खोटं आजारीही पडू शकतो, पण आई, खोटं चालू शकत नाही! आमचं दार फसणं शक्यच नाही!"

सकाळी चहाचा कप हवेत नाचवत तिने हे जाहीर केलं आणि अर्धा चहा टेबलावर सांडला. घरात आणि ऑफिसात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणत. एक तर चष्मा जाड, आणि दुसरं म्हणजे कुठलीही गोष्ट जवळून न्याहाळल्याशिवाय तिच्या जिवाला चैन पडत नसे. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन ती एका छोट्या कंपनीत लागली होती. तिथे एक दार बनवत होते. साधंसुधं दार नव्हे. किल्ली नको, कार्ड नको, अंगठा नको. समोरच्या मार्गिकेतून तुम्ही चालत यायचं; वरचा कॅमेरा तुमची चाल बघणार, आणि दार बोलणार. ओळखलं तर "या!" आणि नाही ओळखलं तर "माफ करा, ओळखलं नाही."

दुर्बिणीचं काम होतं या दाराला पारखायला खोटी माणसं बनवायची. कारण खरी माणसं आपली चाल द्यायला तयार होत नसत. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तर तोंडावर दार लावलं होतं: "माझ्या चालीचं तू काय करणार ते आधी सांग!" त्यांचंही बरोबरच होतं. चाल म्हणजे काही पासवर्ड नव्हे, चोरीला गेली तर बदलता येत नाही. म्हणून दुर्बीण संगणकावर ठिपक्यारेघांची माणसं तयार करी. उंच, बुटकी, जाडी, काटकुळी. ती पडद्यावर इकडून तिकडे चालत आणि दाराला विचारत, "सांग, मी कोण?"

"म्हणजे तू दिवसभर खोट्या माणसांना चालायला शिकवतेस?" आईने टेबल पुसत विचारलं. "मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणे. तू तर चाळीतल्या सगळ्या शेजाऱ्यांची पोरं धावायला लागली तरी रांगतच होतीस!"

"आई, शुक्रवारी लॉकर कंपनीच्या बाई परीक्षा घ्यायला येणार आहेत. दार पास झालं की मी नोकरीत कायम!"

"आणि नाही झालं तर?"

"असं होणारच नाही!" दुर्बीण म्हणाली आणि ताठ मानेने बाहेर पडली. चष्मा टेबलावरच राहिला.

त्या दिवशी रंगीत तालीम होती. ऑफिसातल्या सगळ्यांनी ओळखीपुरती एकेकदा आपली चाल दारात नोंदवली होती. साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, शुक्रवारसाठी घेतलेले नवेकोरे बूट घालून आले होते. बूट चावत होते. साहेब ऐटीत मार्गिकेतून आले आणि दारासमोर उभे राहिले.

"माफ करा, ओळखलं नाही," दार म्हणालं.

साहेबांनी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"मला म्हणतंय?"

"जरा पुन्हा चालून या, साहेब," दुर्बीण म्हणाली. "नेहमीसारखे चाला."

इथेच घोटाळा झाला! 'नेहमीसारखं चाल' असं सांगितलं की जगातला कुठलाही माणूस नेहमीसारखा चालू शकत नाही. हात कुठे ठेवायचे इथपासून प्रश्न सुरू होतो. साहेब पुन्हा आले ते डावा हात आणि डावा पाय एकदम पुढे टाकत.

"माफ करा, ओळखलं नाही."

"अरे, मी मालक आहे!"

"माफ करा."

"साहेब, तुम्ही एरवी जरा डोलता," दार बसवणारा कारागीर म्हणाला. त्याला सगळे 'स्क्रू' म्हणत. त्याच्या खिशात कायम मूठभर स्क्रू वाजत आणि तोंडाला झाकण नव्हतं.

"मी डोलतो?"

"म्हणजे फार नाही. भरलेलं जहाज डोलतं तेवढंच."

साहेब डोलून आले. दाराने ओळखलं नाही. मग स्वागतकक्षातली ताई पुढे झाली, "मी बघते!" म्हणून. तिलाही नकार! हिशेबनीस आले, त्यांनाही नकार! बघता बघता अख्खं ऑफिस मार्गिकेत येरझाऱ्या घालू लागलं. कुणी बदकासारखं, कुणी नवरीसारखं, कुणी गुडघ्यात वाटी नसल्यासारखं. प्रत्येकजण जीव तोडून स्वतःसारखं चालायचा प्रयत्न करत होता आणि कुणालाच ते जमत नव्हतं. फक्त दुर्बीण गेली की दार लगबगीने उघडे: "या, दुर्बीण!"

"दार पक्षपाती आहे," स्क्रू म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. पिशवी सावरत, भराभरा, इकडेतिकडे न बघता एक बाई मार्गिकेतून तरातरा आल्या.

"या, दुर्बीण!" दार म्हणालं आणि सताड उघडलं.

ती आई होती. चष्मा द्यायला आली होती!

मार्गिकेतल्या येरझाऱ्या जागच्या जागी थांबल्या, स्क्रूच्या खिशातले स्क्रूसुद्धा वाजायचे थांबले. मालक दाराबाहेर, आणि चष्मा घेऊन आलेली आई आत.

"बाई, किती गुणी दार गं!" आई कौतुकाने म्हणाली. "न सांगता उघडलं! आमच्या घरातल्या सगळ्याजणी अशाच चालतात म्हणा. मावशीला बोलावू का? तिच्यासाठीही उघडेल."

"आई, नको!"

साहेबांनी एका पायातला बूट काढला, टाचेचा फोड पाहिला आणि शांतपणे म्हणाले, "शुक्रवारी लॉकर कंपनीच्या बाईंसमोर हे दार काय म्हणणार? 'या, मावशी, लॉकर रिकामा करा'? दुर्बीणबाई, शुक्रवारपर्यंत हे दार शहाणं झालं नाही तर ते भंगारात जाईल. आणि त्याच्या पाठोपाठ बाहेर पडणाऱ्या पहिल्या तुम्ही असाल."

दुर्बीण चष्मा लावून जागेवर बसली. आता तिला दिसायला लागलं, आणि जे दिसलं ते पाहून पायाखालची जमीन सरकली.

खरी माणसं चाल देईनात, म्हणून तिने पहिला नमुना स्वतःचाच घेतला होता. कॅमेऱ्यासमोर स्वतः चालली. त्याच चालीला ताणून उंच माणूस केला, दाबून बुटका केला, फुगवून जाडा केला. पडद्यावर माणसांचा महापूर, पण सगळे तिच्याच चपलांत पाय घालून चालणारे! खुद्द साडेसहा फुटी पहिलवानही कंबर अशी लचकवत होता की थेट मावशी! दाराने बिचाऱ्याने जगात दुसरं काही पाहिलंच नव्हतं. त्याच्या लेखी चालणं म्हणजे दुर्बीण. तिच्या जवळपास जाणारी प्रत्येक व्यक्ती 'हीच ती', आणि बाकी सगळे 'हे कोण?'

"जनगणना करायला निघाले आणि आमच्याच घरात मोजत बसले," ती स्वतःशी पुटपुटली.

पण रडत बसेल ती दुर्बीण कसली! तिने ती सगळी भावकी पुसून टाकली आणि पाटी कोरी केली. आता ती माणूस हाडापासून बांधू लागली. मांडीचं हाड केवढं, गुडघा किती वाकतो, वजन टाचेवर पडतं की चवड्यावर, हे सगळं वेगवेगळं घालून. मग प्रत्येक खोट्या माणसाला तिने खऱ्या माणसाच्या अडचणी दिल्या. एकाला चावणारा बूट. एकीच्या हातात जड पिशवी. कुणाच्या पायाला मुंग्या, कुणाला ओली फरशी, कुणाला भयंकर घाईची लागलेली.

"हा कुठे चाललाय एवढा?" स्क्रूने पडद्यात डोकावत विचारलं.

"जिथे तू मघाशी धावत गेलास तिथेच."

तरी एक जात राहिली होती: नकलाकार. दुसऱ्याची चाल मुद्दाम उचलणारा. दुर्बिणीने असेही लबाड बनवले. पण ते खऱ्या लबाडांसारखे झालेत की नाही, हे पडताळायचं कसं? ती साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, ऑफिसात तुमची नक्कल कोण करतं?"

"माझी? कुणीच नाही!" साहेब ठामपणे म्हणाले आणि उघड्या दारातून बाहेर पाहिलं. बाहेर सगळे एकदम जमिनीवर काहीतरी शोधायला लागले होते.

"विज्ञानासाठी आहे," दुर्बीण मोठ्याने म्हणाली. "कुणावर राग धरायचा नाही, असं साहेब आत्ताच म्हणाले."

"मी कधी म्हणालो?"

पण उशीर झाला होता! स्क्रू हात मागे बांधून, पोट पुढे काढून निघाला. त्याच्यामागे ताई. तिने तर मध्येच थांबून घड्याळ बघून "हं!" सुद्धा केलं. आणि हिशेबनीस, जे इतक्या वर्षांत कधी हसले नव्हते, ते असे डोलत आले की टाळ्या पडल्या. साहेब खुर्चीचे हात धरून बघत राहिले.

"मी असा चालतो?"

"नाही, साहेब! याहून थोडं जास्त," स्क्रू म्हणाला.

मग साहेबांनाही राहवेना. "सरका बाजूला, मी दाखवतो!" म्हणून ते स्वतः निघाले. सगळ्यांत वाईट नक्कल त्यांचीच झाली.

दुर्बीण मात्र पडद्याला नाक लावून बसली होती, आणि तिथे तिला खजिना सापडला. नक्कल करणारा जे डोळ्यांना दिसतं तेच उचलतो: डोलणं, हात, पोट. आणि ते उचलतानाही जरा जास्तच उचलतो. पण टाच टेकल्यावर गुडघा किती रेंगाळतो, हे कुणालाच दिसत नाही. ते ज्याचं त्याच्याकडेच राहतं. स्क्रू कितीही साहेब झाला तरी गुडघा स्क्रूचाच! तिचे खोटे लबाडही नेमके तसेच निघाले. मग तिने त्यांच्या झुंडीच्या झुंडी दारावर सोडल्या. पहिल्यांदा दार फसलं, मग कमी फसलं, आणि शेवटी त्या लबाडांना उंबऱ्याबाहेरच ठेवू लागलं.

शुक्रवारी लॉकर कंपनीच्या बाई आल्या. चेहरा त्यांच्या तिजोरीइतकाच बंद. सोबत एक हडकुळा, हसतमुख माणूस होता.

"हे रंगमंचावर नकला करतात," बाई म्हणाल्या. "आठवडाभर समोरच्या बाकावर बसून तुमच्या साहेबांना बघताहेत."

साहेबांचा चेहरा पडला. हडकुळ्याने हात मागे बांधले, श्वास घेतला आणि निघाला. काय सांगावं! पोट नसलेल्या माणसाला पोट आलं! त्याची सावलीसुद्धा साहेबांची वाटत होती. हिशेबनीस सवयीने उठून उभे राहिले. दुर्बिणीने डोळे मिटून घेतले.

"माफ करा, ओळखलं नाही."

तिने एक डोळा उघडला. हडकुळा पुन्हा चालला. मग आणखी डोलून.

"माफ करा, ओळखलं नाही."

"आता खरे साहेब," बाई म्हणाल्या. "आणि ही जड बॅग घ्या हातात."

साहेब निघाले. चावरे बूट, हातात बॅग, कपाळावर घाम. एका पायावर लंगडत, दुसऱ्यावर कण्हत.

"या, साहेब!"

मार्गिकेत एकच जल्लोष झाला! पण बाई हसल्या नाहीत. "रक्ताचं नातं असलेलं कुणी आणा. तिथे भलीभली दारं फसतात."

दुर्बिणीने घरी फोन केला. आई मोठ्या आनंदाने आली. दाराशी तिची जुनी ओळख होती. तरातरा चालत गेली.

"माफ करा, ओळखलं नाही."

आई थबकली. "परवा तर 'या, या' करत होतास की रे!"

"आई, हाच तर विजय आहे!" दुर्बीण ओरडली.

"हो का? मुलगी नोकरीत चढली, आता दारातून आईला ओळख दाखवत नाही, हा विजय!"

यावर मात्र बाई हसल्या. तिजोरी उघडावी तशा, आवाज करत. "माझा मुलगाही असाच आहे," त्या आईला म्हणाल्या, आणि उभ्या उभ्या सही करून मोकळ्या झाल्या. "हे दार आमच्या सगळ्या शाखांना हवं." हडकुळ्याने दुर्बिणीला वाकून नमस्कार केला: "आयुष्यात पहिल्यांदाच प्रेक्षकाने मला ओळखलं!"

"दुर्बीणबाई," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून तुम्ही कायम. आणि प्रयोगशाळेच्या प्रमुखही."

आई डोळे पुसत म्हणाली, "उशिरा चालली, पण केवढी लांब गेली!"

पाहुण्यांची गाडी निघून गेली. आईही त्याच गाडीतून, बाईंशी मुलांच्या तक्रारी करत गेली. फाटकापर्यंत निरोपाला आलेली मंडळी परत वर आली, आणि "प्रमुखांना पुढे जाऊ द्या!" असं म्हणत सगळ्यांनी दुर्बिणीला वाट करून दिली. दुर्बीण निघाली. छाती आपोआप पुढे आली होती. हात आपोआप मागे बांधले गेले होते. पाऊल सावकाश आणि वजनदार पडत होतं, मान किंचित डोलत होती. ती कुणाचीही नक्कल करत नव्हती, अगदी मनापासून तशी चालत होती. आणि म्हणूनच तिचा गुडघासुद्धा भारदस्तपणे रेंगाळत होता.

"या, साहेब!" दार अदबीने म्हणालं आणि सताड उघडलं.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तो अर्थातच स्क्रू होता. साहेबांनी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"कायम होऊन अजून पाव तास नाही झाला, दुर्बीणबाई," ते म्हणाले, "आणि माझ्या खुर्चीपर्यंत पोहोचलातसुद्धा?"

दुर्बिणीने मागे बांधलेले हात हळूच सोडले आणि भिंतीच्या कडेकडेने आपल्या जागेवर जाऊन बसली. त्याच दुपारी पडद्यावर खोट्या माणसांचा एक नवा प्रकार चालायला लागला: छाती पुढे, हात मागे. त्या प्रकाराचं नाव काय, असं स्क्रू रोज विचारतो.

"तांत्रिक आहे," एवढंच ती सांगते, आणि चष्मा पुसायला घेते.