मालकाचं नाव विचारणारे मनोहरकाका

हैदराबादेतल्या आमच्या हिमायतनगरच्या इमारतीत मनोहरकाकांना कुणी कसलीही बातमी सांगितली, की ते आधी विचारतात, "छापणाऱ्याचा मालक कोण?" बातमी पुराची असो, नाहीतर नटीच्या लग्नाची.

काका निवृत्त वकील. एकटेच राहतात. रोज सकाळी मराठी, तेलुगू, उर्दू, इंग्रजी असे चार पेपर गॅलरीत पसरून बसतात. एकदा मला हाक मारली. "हे दोन अग्रलेख बघ. भाषा दोन, डोकं एक! दोन्ही पेपर एकाच शेठनं घेतले. चॅनलही त्याचाच, अन् त्यात परदेशी कंपनीचा हिस्सा. ऐसा कैसा चलता, मियाँ?"

केबलवाला नवं पॅकेज घेऊन आला, तर काकांनी त्याला तासभर बसवून एकेका चॅनलचा मालक शोधून काढला. सगळी नावं एका पोस्टकार्डावर मावली. केबलवाला डोकं खाजवत म्हणाला, "हौ साब, मैं तो समझा बहोत वरायटी है!"

शेवटी काकांनी स्वतःचाच पेपर काढला. हातानं लिहिलेला एक फुलस्केप कागद, दर रविवारी लिफ्टशेजारी चिकटवलेला. 'तिसऱ्या मजल्यावरच्या यादम्मांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता त्या सुनेच्या साडीला नावं ठेवतात.' आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी माझी आई गेली. निधनवार्ता द्यायला मराठी पेपरात फोन केला, तर कळलं, नव्या मालकानं हैदराबादचं पानच बंद केलंय.

काकांना हे मी सांगितलंही नव्हतं. रविवारी अख्खा कागद आईवर होता. ती शाळेत गणित शिकवायची, रागावली की तेलुगूत बोलायची, कैरीचा तक्कू करताना गुणगुणायची. माझी मुलगी कॉलेजात आहे, पण तिला मराठी वाचता येत नाही. काका ओळींखाली बोट फिरवत तिला वाचून दाखवत होते.

तिनं विचारलं, "आजोबा, तुमच्याबद्दल कोण लिहिणार?"

काकांनी खिशातलं पेन काढून तिच्यापुढे धरलं. मग म्हणाले, "तू शिकतेस का?"

आता ती रोज संध्याकाळी सहाला वही घेऊन त्यांच्याकडे जाते.

काका पाचपासूनच दार उघडं ठेवतात.