शेवटल्या घासाची फत्ते

प्रभूचे स्मरण करोन, मिनेसोटा प्रांती मौजे लोन एल्म येथील चर्चच्या तळघरात जे वर्तले ते पदरचे काही न घालता लिहिले ऐसे जे:

दफनानंतर गावास घालावयाच्या भोजनाचा मुलूख श्रीमती आर्डिस टोलेफ्सन तीस वर्षे एकहाती राखून होत्या. कोरिन लुंड लग्न होऊन गावी आल्या त्यास अकरा वर्षे जाहली. तितकी वर्षे त्यांजकडे कागदी ताटल्या आणण्याची मनसब. चीज घातलेल्या बटाट्यांची परात आणणे ही बडी मनसब. तीस गावकरी बेसबॉलच्या चालीवर 'मोठी लीग' म्हणत. कायदा ऐसा की परात रिकामी घरी जाईल तरच आणणारीचे नाव त्या लीगेत दाखल व्हावे.

मग वृद्ध नेल्स हागेन देवाघरी गेले, आणि नेमकी बटाट्यांची परात आणणारी पाय मोडून पडली. तेव्हा आर्डिसबाईंचे फर्मान फोनवर सुटले, "कोरिन, परात तू आण. आणि हे बघ, नवीन काही करायला जाऊ नकोस."

मग कोरिनबाईंनी बटाटे, चीज, मलई, वर मक्याच्या पोह्यांचा चुरा ऐसा सरंजाम सिद्ध करोन, बुडास नावाची पट्टी डकवून कूच केले. तासाभरात परात साफ होत आली आणि एक घास उरला. तेथे मोहीम अडली. या मुलखी शेवटला घास घेईल तो हावरट. मग पाद्रीबुवांनी निम्मा घेऊन निम्मा ठेविला, खजिनदारांनी त्याचा निम्मा, शववाहिनीवाल्याने त्याचाही निम्मा. आणि विनयाची ऐसी गर्दी जाहली की एक घास चौदा असामींस पुरून कण उरला. आणणारीने स्वतः खावा तर कायद्याने परात बाद. कोरिनबाई भिंतीशी पांढऱ्याफटक उभ्या.

निदानसमयी मयताची विधवा इंगाबाई, जीस सकाळपासून कोणी जेवलीस का पुसले नव्हते, काठी टेकीत आली. "नेल्स असता तर एवढा वेळ राहिलं असतं का हे?" ऐसे बोलोन तिने कण खाल्ला, आणि चमच्याने परात खरवडली.

आर्डिसबाईंनी परात उजेडात धरोन पाहिली. "वाईट नाही." या प्रांती याहून थोर किताब नाही. "आलीस बाई मोठ्या लीगमध्ये."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. मोकळी पडलेली ताटल्यांची मनसब, शेवटला घास खाल्ल्याच्या दंडादाखल, त्याच बैठकीत इंगाबाईंस बहाल जाहली. कोरिनबाईंनी विरोधास तोंड उघडले, मग उरल्या ताटल्या मोजोन इंगाबाईंच्या हाती दिल्या. मोठ्या लीगेतला त्यांचा हा पहिला दिवस.