गोदाक्काची एकविसावी चतुर्थी

एका जंगलात, म्हणजे आपल्याच जंगलात, गोदाक्का नावाची अस्वलीण राहत होती. तिला परदेश बघायचा होता. म्हणून ती एकवीस संकष्ट्यांचा नवस बोलली. विसावी झाली आणि सहल ठरली. देव कधीकधी आगाऊ देतो. आता एकविसावी मोडली तर आधीच्या वीस पाण्यात! म्हणून तिने बॅगेत कपडे कमी आणि साबुदाणा जास्त भरला.

सहल थेट उत्तर ध्रुवापाशी. तिथे कशाला, असं विचारू नका. शेजारची तरसीण जाऊन आली होती. एवढं कारण पुरतं. बरोबर चार सांबरं, एक साळिंदर आणि तिथी-वार बघायला लांबचोचे गुरुजी. गुरुजी म्हणजे बगळा. एका पायावर उभे राहून पंचांग वाचायचे, त्यामुळे जंगलात त्यांना फार मान.

तिथलं रिसॉर्ट सगळं बर्फाचं. भिंती बर्फाच्या, पलंग बर्फाचे. सांबरांनी तीन-तीन स्वेटर चढवले आणि "काय मस्त गारवा!" असं म्हणत दात वाजवले. हिवाळ्यात तिकडे सूर्य उगवतच नाही, बाळांनो. दुपारी बारालाही अंधार. सकाळ झाली हे चहा आला की कळायचं.

रिसॉर्ट सांभाळायला एक पांढरं अस्वल होतं. त्याला पाहून गोदाक्काला भरून आलं. रंग सोडला तर माहेरचाच माणूस! तिने त्याला तिथल्या तिथे दादा करून टाकलं.

चौथ्या दिवशी संकष्टी आली. सकाळपासून खिचडी झाली, रताळ्याचा कीस झाला, शेंगदाण्याचे लाडू झाले. पांढरं अस्वल दारात उभं राहून बघत होतं.

"आज सण आहे का, अक्का?"

"सण कसला, दादा! उपास आहे. आज जेवायचं नाही."

"मग हे?"

"हे जेवण नव्हे. फराळ."

अस्वलाने जरा विचार केला. "मीही तीन महिने जेवलो नाही."

"आणि फराळ?"

"तोही नाही. मधून मधून बर्फ चाटतो. समुद्र गोठला की त्यावर चालत जाऊन सील मारायचा, अशी आमची रीत. यंदा समुद्र गोठतच नाही."

साळिंदराच्या अंगावर काटा आला, म्हणजे होता तोच उभा राहिला. "केवढं कडक व्रत! आपलं चंद्र उगवेपर्यंत, यांचं समुद्र गोठेपर्यंत!" सांबरांनी हात जोडले. गोदाक्का तर पाया पडली.

"एखादा लाडू मिळेल का?" अस्वलाने हळूच विचारलं.

"छे छे! तुमचं व्रत मोडायचं पाप आमच्या माथी नको," गोदाक्का म्हणाली आणि लाडू स्वतःच्या तोंडात टाकला.

संध्याकाळी तिने एकवीस मोदक उकडले आणि गुरुजींना चंद्रोदयाची वेळ विचारली. गुरुजींनी पंचांग उलटंपालटं केलं. त्यात पुणं होतं, नागपूर होतं, पणजीसुद्धा होती. उत्तर ध्रुव नव्हता.

"पण चंद्र तर तो काय, डोक्यावर आहे!" गोदाक्का म्हणाली.

"तो चार दिवस तिथेच गोल गोल फिरतोय. मावळलाच नाही. मावळल्याशिवाय उगवणार कसा?"

"मग मावळेल कधी?"

"परवा-तेरवा."

एव्हाना साबुदाणा संपला होता. रताळी संपली होती. गोदाक्काच्या पोटात कावळे ओरडू लागले. दोन तास गेले, चार तास गेले. मोदकांचा वास काही जाईना. तिला रडूच फुटलं. चार तासांत आपले हे हाल, मग या दादाचं तीन महिने काय होत असेल, असं तिच्या मनात आलं. तिला खरंच वाईट वाटलं. मग तिला पुन्हा भूक लागली.

"गुरुजी, काहीतरी तोड काढा! माझं जाऊ द्या, या दादाकडे तरी बघा!"

भूक गुरुजींनाही लागली होतीच. त्यांनी डोळे मिटले, दुसरा पाय खाली टेकला आणि निर्णय दिला. "चंद्र दिसतोय, म्हणजे उगवलाच असं समजावं. मात्र ज्याचा उपास सर्वांत मोठा, त्याने आधी सोडावा. मग बाकीच्यांनी."

मान दादांचाच! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गुरुजी स्वतः मोदकांचं ताट घेऊन अस्वलासमोर उभे राहिले.

"उपास कशाने सोडायचा असतो?" अस्वलाने नम्रपणे विचारलं. पहिलीच वेळ होती त्याची.

"समोर येईल त्याने," गुरुजी प्रसन्न होऊन म्हणाले.

अस्वलाने तसंच केलं.

मोदक ताटात जसेच्या तसे राहिले. बर्फावर एक पीस आणि पंचांग पडलं होतं. गोदाक्काला फार वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. पण नियम गुरुजींनीच घालून दिला होता. आधी दादा, मग बाकीचे. गुरुजींचा शब्द मोडायचा कसा? तिने डोळे पुसले आणि एकवीसच्या एकवीस मोदक खाल्ले. नवस फिटला.

अस्वल अजून दारातच उभं होतं. बगळ्यात मांस ते किती!

"अक्का," त्याने सांबरांकडे बघत विचारलं, "पुढची चतुर्थी कधी?"

गोदाक्काने पंचांग उघडलं. पण तिला ते वाचता येत नव्हतं, आणि ज्यांना येत होतं ते आता अस्वलाच्या पोटात होते.

"आजच असेल तर?" अस्वल म्हणालं.

तात्पर्य : भुकेल्याला घास द्यावा, असं तुम्ही उत्तर लिहिलंत ना? चूक. परदेशी जाताना पंचांग एक चालेल, गुरुजी मात्र दोन न्यावेत.