एका पायावरचा उखाणा

कुसगावच्या समाजमंदिरात खुर्च्या अकरा, बायका नऊ, पुरुष एक. सोपान आबांनी रस्त्यावरून दोनदा मोजलं. दोन्ही वेळा पुरुष एकच निघाला, आणि दोन्ही वेळा तो बाजीरावच निघाला!

म्हातारपणी तोल जाऊन पडू नये म्हणून तिथं लोणावळ्याची अपूर्वा व्यायाम शिकवायची. आबांना बोलवायला ती तीनदा घरी येऊन गेली होती.

"पोरी, बहात्तर वर्षं बांधावर चाललोय. मी पडंन तवा डोंगर पडंल!"

त्यांची बायको अंबूबाई मात्र पहिल्या दिवसापासून जायची आणि गुणगुणत परत यायची. आबांच्या पोटात दुखायला तेवढं पुरे होतं. त्यात शेजारच्या जानूनं तेल ओतलं.

"आबा, काल मावशीनं एका पायावर उखाणा घेतला! बोलतानाबी तोल ऱ्हायला पायजे म्हनं. आधाराला बाजीरावाचा हात व्हता."

"नाव कुनाचं घेतलं?"

"टाळ्याच एवढ्या पडल्या, ऐकूच आलं न्हाई!"

आबांना चहा कडू लागला. एकावन्न वर्षांच्या संसारात अंबूबाईनं त्यांचं नाव घेतलं ते दोनदा, तेही लोकांनी दार अडवलं म्हणून!

दुसऱ्या दिवशी आबा समाजमंदिरामागं गेले. घमेलं पालथं घातलं, त्यावर बादली, त्यावर आबा. खिडकीचे गज धरून आत पाहिलं. अंबूबाईचा एक पाय वर, हात बाजीरावाच्या हातात, आणि बाजीराव नवरदेवासारखा ताठ!

"खाचरात बगळा उभा एका पायावर,
सोपानरावांचं नाव घेते तोल सावरल्यावर!"

"माजंच!" आबा ओरडले, आणि टाळी वाजवायला त्यांनी दोन्ही हात सोडले.

धाडदिशी आवाज झाला. सगळा वर्ग बाहेर धावला. आबा पेंढ्याच्या ढिगात बसलेले.

"आबा, लागलं का हो?" अपूर्वा घाबरली.

"पडलो न्हाई, उतरलो!"

"दार हाय की तिकडं," अंबूबाई म्हणाली. "दारानं यायला लाज वाटती व्हय?"

"येतो. पन उद्यापासून तुजा हात मी धरनार!"

"धर की!" बाजीराव म्हणाला. "मला काय हौस हाय?"

"आधार देणाऱ्याला आधी स्वतःला दहा सेकंद एका पायावर उभं राहता आलं पाहिजे," अपूर्वा म्हणाली. "नियमच आहे."

"दहा? ईस घे!" आबांनी धोतर खोचलं.

अपूर्वानं दोघांनाही उभं करून घड्याळ लावलं.

बाजीराव, एकवीस सेकंद. सोपान आबा, दोन पूर्णांक तीन दशांश.