सीट काय सांगते

लेकीने गाडी मागे घेताना फाटकाचा खांब ठोकला, तेव्हा घरात सगळ्यांत शांत कोण होतं, तर ती स्वतः. आत येऊन ती म्हणाली, "बाबा, मी गाडी ठोकली. मागचा बंपर गेला."

बाबा विमा कंपनीत अपघात झालेल्या गाड्या तपासायचे. खोटे दावे पकडण्यात त्यांचा असा हातखंडा, की ऑफिसात लोक त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत. हे त्यांच्या कानावर आलं होतं आणि त्यांना ते आवडलंही होतं. बाहेर धावत येऊन त्यांनी सवयीने हुकूम सोडला, "तपासणी होईपर्यंत गाडीला कोणी हात लावायचा नाही!"

मग त्यांना घरचा नियम आठवला. लेकीला लायसन्स मिळालं त्याच दिवशी तो त्यांनी काढला होता: जो ठोकेल त्याची चावी वर्षभर बंद.

"अहो, सोमवारपासून तिला पहाटे तलावावर मुलांना पोहायला शिकवायचंय," आई म्हणाली. "त्या वेळी बस नसते. पहिलीवहिली नोकरी जाईल की पोरीची!"

"नियम म्हणजे नियम."

पण भिंगांचा खरा घोर वेगळाच होता. घरात अठरा वर्षांची चालक आहे, हे त्यांनी कंपनीला कळवलंच नव्हतं. कोवळ्या वयाच्या चालकाचं नाव पॉलिसीत घातलं की त्यांच्या कंपनीत हप्ता वाढतो, म्हणून आज कळवू, उद्या कळवू चाललं होतं. आणि नाव नसलेल्याने ठोकली तर दावा नामंजूर, हे ते स्वतः लोकांना चेहऱ्यावरची माशीही हलू न देता ऐकवत आले होते.

"गाडी मी चालवत होतो," ते हळूच म्हणाले.

"कधी?" लेकीने विचारलं.

"आत्ताच. मांजर आडवं आलं म्हणून..."

"कुठलं मांजर?"

"असतं एखादं मांजर. तू फक्त गप्प बस. कागदावर तू ठोकलेलीच नाहीस, तुझी चावी तुझ्याकडे राहील."

"म्हणजे नियमाने तुमची बंद?" आईने विचारलं.

"ते नंतर बघू."

स्वतःची गाडी स्वतः तपासता येत नाही, म्हणून कंपनीने दुसरा माणूस पाठवला. तो निघाला त्यांचाच चेला. भिंगांनी त्याला मांजराची गोष्ट कुठेही न अडखळता सांगितली. चेल्याने ती ऐकली आणि गाडीचं दार उघडून आत डोकावून पाहिलं.

"सर, अपघातानंतर गाडी कोणी हलवली का?"

"छे! हातसुद्धा लावू दिला नाही कोणाला."

"सीटलाही?"

"सीटलाही नाही," भिंग अभिमानाने म्हणाले आणि तिथेच त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लेक उंचीने बुटकी, ते स्वतः ताडमाड. सीट स्टीअरिंगला जवळजवळ चिकटली होती. 'माणूस काय सांगतो ते ऐकू नका, सीट काय सांगते ते बघा,' हा धडा त्यांनीच या चेल्याला दिला होता.

"सर, तुम्ही एवढं पुढे बसता?"

"पाठ दुखते. डॉक्टर म्हणाले, ताठ बसा."

"बरं. मग गाडी जरा पोर्चच्या सावलीत घेता का? उन्हात फोटो पांढरा पडतोय."

आता सीट मागे सरकवणं म्हणजे गुन्हा कबूल करणं. भिंग अंग चोरून कसेबसे आत शिरले. गुडघे छातीशी आले. गाडी सुरू झाली, पुढे गेली, पोर्च जवळ आला. भिंगांचा पाय ब्रेककडे निघाला आणि गुडघा स्टीअरिंगखाली अडकला. पुढचा बंपर पोर्चच्या खांबाने घेतला.

"बाबा, लागलं का?" लेक धावली. भिंगांना ना मागे सरकता येईना, ना बाहेर पडता येईना. तिने सराईतपणे सीटखाली हात घातला. "हा दांडा अडतो जरा. आधी दाबायचा, मग ओढायचा." सीट खाडकन मागे गेली.

चेला आपल्या बुटांकडे बघत राहिला. भिंगांना आयुष्यात पहिल्यांदाच खोटा दावा करणाऱ्या माणसाची दया आली, आणि लाजही वाटली.

"सर, हा पुढचा अपघात मी डोळ्यांनी पाहिलाय," चेला अखेर म्हणाला. "मागच्याचं काय लिहू?"

"मागचा तिचा. नामंजूर लिही. आणि ते मांजर खोडून टाक."

"मांजर लिहिलंच नव्हतं, सर."

चेला गेल्यावर आईने हात पुढे केला. "तिने ठोकली आणि आत येऊन सांगितलं. तुम्ही ठोकली ती थापा मारताना. चावी द्या."

"अगं, मग मी ऑफिसला कसा जाणार?"

"त्या वेळी बस असते."

सोमवारी पहाटे लेक स्टीअरिंगवर बसली. पॉलिसीत आता तिचं नाव होतं. पहिल्या दिवशी सोबत हवी म्हणून भिंग शेजारी बसले. खरं तर ती कशी चालवते ते त्यांना तपासायचं होतं. तिने आरसा नीट केला, मागे पाहिलं आणि गाडी फाटकातून अलगद बाहेर काढली. भिंगांना चूक काढायला काही सापडलं नाही.

"बाबा," ती समोर बघत म्हणाली, "मांजर दिसलं तर सांगा हं."