एमेटला झालेली मदत

"या शाळेत यापुढे एकही मूल मागे पडणार नाही," असं मुख्याध्यापिका ट्रेम्बाथबाईंनी ऑगस्टात जाहीर केलं, आणि त्यांच्या पाठीमागचा कागदी पिरॅमिड भिंतीवरून सुटून कॉफीच्या भांड्यात पडला. पिरॅमिडला तीन पायऱ्या होत्या. तळाशी सगळा वर्ग, मधे मागे पडलेल्यांचा छोटा गट आणि टोकाला एक मूल, एक शिक्षक. बुडालं ते टोक.

तिसरीच्या कार्ला माकीबाईंनी ते पुसून पुन्हा चिकटवलं. त्यांच्या वर्गातल्या एमेट लाहतीला वाचता येत नव्हतं. मेपर्यंत आलं नाही, तर तो तिसरीतच राहणार आणि दुसरीतली त्याची धाकटी बहीण जूनी येऊन त्याच्या शेजारी बसणार. जूनी आत्तापासूनच कुठली खुर्ची घ्यायची ते सांगत होती.

एमेटला दुसऱ्या पायरीवर चढवण्यात आलं. वाचनाचे डेनिससर त्याला गणिताच्या तासाला घेऊन जात. साहजिकच गणित कच्चं राहिलं. मग गणिताची मदत विज्ञानाच्या तासाला. नोव्हेंबरात, मिशिगनच्या या टोकाला दिवस उजाडणं ही निव्वळ अफवा उरते तेव्हा, एमेटने डिंकाची बाटली फेकली. मग वागणुकीची मदत, मधल्या सुट्टीत. ख्रिसमसपर्यंत पोरगं टोकावर पोचलं होतं, आता वाचनाच्या तासालाही वर्गाबाहेरच, आणि वाचन होतं तिथेच होतं.

एकदा तो कार्लाबाईंना जिन्यात भेटला.

"बाई, तुम्ही अजून इथेच शिकवता?" त्याने आपुलकीने विचारलं.

कार्लाबाई तडक मुख्याध्यापिकांकडे गेल्या. "मॅडम, तो पोरगा वर्गात नसतोच. थोडे दिवस माझ्याकडे राहू द्या ना त्याला."

"म्हणजे मदत काढून घ्यायची?" ट्रेम्बाथबाई हळहळल्या. "कार्ला, तुझं काही चुकतंय असं नाही म्हणत मी. पण ज्या बाईंचं मूल टोकावर जातं, त्या बाईंनाही आधाराची गरज असतेच की. शिक्षकांसाठीही पायऱ्या आहेत आपल्याकडे."

अशा रीतीने कार्लाबाई दुसऱ्या पायरीवर चढल्या. वाचनाच्या तासाला त्यांना वर्गाबाहेर बोलावण्यात येई. एक मार्गदर्शिका त्यांना वाचन कसं शिकवावं ते शिकवणार होती. तेवढा वेळ वर्गावर बदली शिक्षक.

फेब्रुवारीतल्या एका करड्या सकाळी बाई व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसल्या. मार्गदर्शिकेचा पत्ता नव्हता. शेजारी एमेट बसला होता. त्याचेही सर आले नव्हते. सगळे मदतनीस मदतीविषयीच्या बैठकीत अडकले होते. बुटांवरचा बर्फ वितळून फरशीवर, रस्त्यांवर बर्फासाठी टाकतात त्या मिठाचे डाग पडत होते.

"तुम्हालापण येत नाही का, बाई?" एमेटने हळूच विचारलं.

"तसंच दिसतंय."

तो जरा सरकून बसला. बाईंच्या पिशवीतून वर्गात चाललेलं गोष्टीचं पुस्तक डोकावत होतं.

"त्या अस्वलाचं पुढे काय झालं? मला दर वेळी मधेच उठवतात."

"मला तरी कुठे ठाऊक? मलाही उठवतात हल्ली."

मग एमेटने पुस्तक ओढून घेतलं आणि बोट ठेवलं. पहिल्या ओळीला तो सात ठिकाणी अडकला. बाईंनी घाई केली नाही. त्यांनाही कुठे जायचं नव्हतं. दुसऱ्या ओळीत अस्वल तळ्यावरच्या बर्फात पाय घालून बसलं. तिसऱ्या ओळीत बर्फ कडकडला, आणि एमेट अडखळत, घाम पुसत, पण न थांबता पानाच्या तळापर्यंत गेला.

"बुडालं नाही," तो म्हणाला. "पलटू?"

तेवढ्यात डेनिससर गळ्यातलं ओळखपत्र सावरत धावत आले. "सॉरी, सॉरी, बैठक लांबली. चल एमेट, तुझा वाचनाचा वेळ फुकट गेला बघ."

एमेटने पानात बोट तसंच ठेवलं आणि अगदी नम्रपणे विचारलं, "सर, उद्यापण जरा उशिरा याल का?"