हँगरचं वजन

वजनाच्या बाबतीत मला कोणी फसवू शकत नाही! ही काही घरात बसून मारलेली फुशारकी नाही. मी वजनमापं तपासणारा सरकारी निरीक्षक आहे आणि या नोकरीत माझी बावीस वर्षं गेली आहेत. मी बाजारात नुसता शिरलो, तरी दुकानदार काट्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक गुपचूप खिशात टाकतात. पिशवीत वीस ग्रॅम कमी असले, तरी ती उचलल्याबरोबर मला कळतं. बायको म्हणते, "एवढं कळतं, तर भाजी आणायला तुम्हीच जात जा!" पण तो विषय वेगळा.

तर एके दिवशी कचेरीत एक बाई आपला वजनकाटा शिक्का मारून घ्यायला आल्या. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झालेल्या, पण गळ्यातली शिट्टी अजून निवृत्त झालेली नव्हती. काटा जमिनीवर ठेवायचा, चांगला रुंद होता.

"काय मोजता यावर?" मी विचारलं.

"कुत्री," बाई म्हणाल्या.

तेव्हा मला त्यांच्यामागे उभा असलेला तो प्राणी दिसला. लांबच लांब पाय, पाठीत गेलेलं पोट, बरगड्या एकेक मोजून घ्याव्यात अशा. जात आझावाख. बायकोला हे नाव अजून शिंक आल्यासारखं वाटतं. ही जात वासावर नाही, नजरेवर शिकार करते. दूर कुठं काही हललं की हा इथून सुटलाच! जुना मालक परदेशी गेला होता आणि अशा कुत्र्यांना घरं मिळवून देणाऱ्या बाई आता याच्यासाठी चांगलं घर शोधत होत्या. मी काटा तपासत होतो, तेवढ्यात त्यानं पंजा न उचलता, मान न ताणता आपली हनुवटी माझ्या टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी काट्यावर शिक्का मारला आणि कुत्रा घरी आणला.

एक कागद मात्र सही करून द्यावा लागला. त्यावर लिहिलं होतं, वजन एकवीस किलो. बाईंनी बजावलं, "बरोबर एका महिन्यानं मी काटा घेऊन येणार. जसा देतेय तसाच दिसला पाहिजे. अंग बिघडलेलं दिसलं, तर त्याच पावली परत नेईन."

"बाई, वजनाचं तुम्ही कोणाला सांगताय!" मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

घरी वडिलांनी चष्मा वर करून त्याला दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "हा कुत्रा आहे की हँगर?" झालं, बारसं उरकलं! पण खरी गंमत आमच्या मुलीची. नऊ वर्षांची पोर, लिफ्टला घाबरते, शेजारच्या काकांच्या खोकल्याला घाबरते, वर्गात हात वर करायलासुद्धा घाबरते. ती हँगरच्या मानेवर हात ठेवून एकटी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली! माझा आणि बायकोचा विश्वासच बसेना. हा कुत्रा या घरातून जाता कामा नये, हे आम्ही दोघांनी एकमेकांशी एक शब्द न बोलता ठरवून टाकलं.

आता हँगरच्या सवयी. तो भुंकत नाही. टेबलावरचा ब्रेड तो उभ्या उभ्या उचलतो, कारण टेबल त्याच्या हनुवटीच्या उंचीचं आहे. आणि झोपतो तो पाठीवर, चारही पाय छताकडे, डोळे अर्धे उघडे. तिसऱ्या दिवशी बायकोनं त्याला तसा पाहिला आणि जी किंकाळी फोडली!

"अहो, गेला हो!"

मी दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून धावलो. वडिलांनी चपला काढून हात जोडले. मी नाडी शोधायला लागलो, पण कुत्र्याची नाडी असते कुठं? तेवढ्यात स्वयंपाकघरात मुलीनं बिस्किटाचा पुडा उघडला आणि आमच्या मधून काहीतरी सूं करून गेलं. दिवंगत आत्मा पुड्याजवळ उभा होता!

खरं रामायण सुरू केलं ते आमच्या इस्त्रीवाल्यानं. मी हँगरला घेऊन त्याच्या दुकानावरून जात होतो. त्यानं इस्त्री बाजूला ठेवली, बरगड्यांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "साहेब, याला जेवायला देता ना?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. घरी आल्या आल्या मी न्हाणीघरातला काटा ओढला. आधी मी एकटा उभा राहिलो. बहात्तर! गेली आठ वर्षं बहात्तर, रतीभर वर नाही की खाली नाही. मग हँगरला उचलून उभा राहिलो. नव्वद. नव्वदातून बहात्तर गेले, उरले अठरा.

अठरा! कागदावर एकवीस आणि काट्यावर अठरा! तीन किलोंची तूट! बावीस वर्षांत एवढी लबाडी मी कुठल्या रद्दीवाल्याकडेही पाहिली नव्हती. बाईंनी फसवलं म्हणावं, तर त्यांचा काटा मीच तपासलेला. म्हणजे ही घट झाली आमच्या घरात, आठ दिवसांत!

"बाई त्याला नेणार?" मुलीनं विचारलं. तिचा हात हँगरच्या मानेवर होता.

"एक ग्रॅमसुद्धा कमी भरू देणार नाही!" मी गरजलो.

एकवीसवर थांबायचंही नाही, असं मी ठरवलं. चार किलो साखरेला सव्वाचार किलो दिली म्हणून आजवर कुठल्या दुकानदारावर खटला झालाय? गुन्हा असतो तो कमी देण्याचा. जास्त भरलं, तर गिऱ्हाईक आशीर्वाद देऊन जातं. बाईंनाही खूश करायचं होतं. म्हणून मी चोवीसचं लक्ष्य ठेवलं आणि हुकूम काढला, "खाणं दोन वेळा, फक्त माझ्या हातून, मोजून! बाकी कोणी मध्ये पडायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

हँगरनं साथ दिली. वाडग्यासमोर तो असा चेहरा करून उभा राहायचा, की जणू जन्मात अन्न पाहिलेलं नाही. आठवड्यात काटा वीसवर आला, मग बावीसवर, आणि महिना भरायच्या आत चोवीस! माझी छाती फुगली.

त्याच दरम्यान त्याचं वागणंही सुधारलं. पूर्वी खिडकीबाहेर पान हललं तरी तो ताठ व्हायचा. आता शेजारच्यांची मांजर कुंपणावरून रमतगमत गेली, तेव्हा त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि जांभई दिली. मांजर चक्रावून थांबली. मी बायकोला म्हणालो, "बघ! याला म्हणतात वळण!" वडील म्हणाले, "वळण कसलं? त्याला उठवत नाहीये." त्यांच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

आणि बाई आल्या. काखेत काटा, गळ्यात शिट्टी. मी हँगरला हॉलच्या मधोमध उभा केला होता. अंगावरून ओलं फडकं फिरवल्यामुळे तो चकाकत होता. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग सोफ्यामागे पाहिलं, मग दाराआड पाहिलं.

"माझा कुत्रा कुठाय?"

"बाई, हाच तो!"

बाईंनी काटा खाली ठेवला. मला वाटतं, त्यांच्या हातातून तो सुटलाच. "बरगड्या कुठं गेल्या त्याच्या?"

"आहेत ना," मी म्हणालो. "आत आहेत. सुरक्षित."

"अहो, या जातीच्या बरगड्या दिसायलाच हव्यात! हे पाय हरणासारखे पळायला दिलेत. त्यांच्यावर तुम्ही हे काय लादलंत?" त्यांनी हँगरला काट्यावर उभं केलं.

अठ्ठावीस!

मी ओरडलो, "शक्य नाही! सकाळी चोवीस होता! बाई, तुमचा काटा चार किलोंनी चुकतोय! असा काटा बाळगणं गुन्हा आहे, मी आत्ता जप्त करू शकतो! कोणी पास केला हा?"

बाईंनी हँगरला उतरवलं आणि काटा उचलून माझ्यासमोर धरला. कडेला शिक्का होता. माझ्या कचेरीचा. शिक्क्याखाली सही होती. माझी.

तरी माणसाचा हट्ट बघा, मी म्हणालो, "थांबा, आत्ता सिद्ध करतो," आणि स्वतःच काट्यावर चढलो. सगळे वाकून बघू लागले.

चौऱ्याऐंशी!

बायकोनं अगदी हळू विचारलं, "अहो, आपल्या न्हाणीघरातल्या काट्याला कधी शिक्का मारलाय?"

तो काटा आम्हाला कोणीतरी भेट दिला होता. आठ वर्षं त्याची स्प्रिंग गंजून आखडत चालली होती आणि आठ वर्षं मी त्यावर रोज सकाळी खुशीत उभा राहत होतो. म्हणजे अठरा भरला, तेव्हाही हँगर बरोबर एकवीसच होता! तूट कुत्र्यात नव्हती, काट्यात होती. गावभरचे काटे तपासणाऱ्याच्या घरात!

"पण दोन वेळच्या खाण्यानं सात किलो?" बाईंनी घरभर नजर फिरवली. पी.टी.च्या बाईंची ती नजर होती. वडील आधी फुटले.

"मी फक्त माझी सकाळची अंडी देत होतो. मला तशीही चालत नाहीत."

"मी दूध," बायको म्हणाली. "थोडंसंच. भांडंभर."

"मी डबा," मुलगी पुटपुटली.

बाईंनी हात पुढे केला. "पट्टा द्या."

मला वाटलं, आता मुलगी भोकाड पसरेल. तसं झालं नाही. ती आत गेली, पट्टा घेऊन आली आणि ओठ दाबून म्हणाली, "बाबांनी सही केलीय." आणि स्वतःच्या हातानं तिनं तो हँगरच्या गळ्यात घातला. मला इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

हँगर बाईंबरोबर दारापर्यंत गेला. तिथं थांबला, वळला आणि परत येऊन मुलीच्या अंगावर रेलला. पूर्वी रेलायचा तसाच. पण आता तो अठ्ठावीस किलोंचा होता, त्यामुळे मुलगी सपशेल आडवी झाली. तिच्या पोटावर हनुवटी ठेवून त्यानं डोळे मिटले. पोर खालून म्हणाली, "बाई, तो जड नाहीये हो. खरंच जड नाहीये."

बाई बराच वेळ शिट्टीशी चाळा करत राहिल्या. मग ती गळ्यातून काढून त्यांनी माझ्या गळ्यात घातली.

"एक महिना. रोज सकाळी मैदानावर पळायचं. खाणं मी लिहून देते. पुढच्या वेळी दोघांनी काट्यावर उभं राहायचं. तो एकवीस, तुम्ही बहात्तर."

"माझा काय संबंध?"

"तुम्हीच सांगता ना बहात्तर? मग तेवढं भरलं पाहिजे."

महिना झाला. हँगर एकवीसवर आला. मैदानाला चार चकरा मारून तो माझी पहिली चक्कर संपायची वाट बघत उभा राहतो. कुंपणावरच्या मांजरीनं रस्ता बदलला आहे. बाई येऊन गेल्या, त्यांनी त्याच्या बरगड्या मोजल्या आणि मुलीला सांगितलं, "हा आता तुझा." मी ब्याऐंशी भरलो. मला मुदतवाढ मिळाली आहे.

आज सकाळी आम्ही परत येत होतो. पुढे हँगर, त्याच्या सगळ्या बरगड्या जागच्या जागी. मागे मी, गळ्यात शिट्टी, शर्टाची खालची दोन बटणं उघडी. इस्त्रीवाल्यानं इस्त्री बाजूला ठेवली. त्यानं आधी हँगरकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे पाहिलं आणि समजूतदारपणे मान हलवली.

"आता कळलं, साहेब," तो म्हणाला, "त्याच्या वाटचं कुठं जातं ते!"

मी त्याला बरंच काही ऐकवणार होतो. पण धाप लागली होती.